आधी टेलची बारी

पाथर्डी फाट्यावरच्या त्या फ्लॅटात ब्याण्णव पानांचा अभ्यासक्रम पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलेलं माणूस एकच होतं, आणि त्याला कॉलेजात जायचं नव्हतं.

उज्वलाने त्यावर तीन दुपारी घालवल्या होत्या. धाकट्या दिराच्या स्नेहलला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, कॉलेज नाशकातच, म्हणजे पोरगी आपल्याकडे राहणार, हे ठरल्यावर तिने स्नेहलकडून ती पीडीएफ मागून घेतली. "कशाला, मोठी आई? मी पण अजून वाचली नाही," स्नेहल फोनवर म्हणाली. "असंच. बघते," असं सांगून उज्वला जेवणं आटोपल्यावर चष्मा लावून बसली. पहिल्या दिवशी क्रेडिट म्हणजे काय ते कळलं. दुसऱ्या दिवशी लेक्चर, प्रॅक्टिकल आणि ट्युटोरियल यांतला फरक कळला. तिसऱ्या दिवशी चौतिसाव्या पानावर प्रोग्रामिंगचा विषय लागला. त्याचे पाच भाग होते. त्यातला पहिला भाग तिने दोनदा वाचला आणि मग गॅसवरचं दूध बघायला उठली.

रविवारी सगळी मंडळी आली. स्नेहल आदल्या दिवशीच एसटीने आलेली. धाकटा दीर दीपक पिकअप घेऊन आला; मागे स्नेहलची गादी, पुस्तकांचं खोकं आणि वहिनीसाठी टोमॅटोचं एक क्रेट, पुढे त्याच्याशेजारी तात्या आणि साळूबाई, उज्वलाचे सासू-सासरे. स्नेहलची मम्मी मात्र घरीच थांबली होती, कारण टोमॅटोच्या तोडणीला बायका आलेल्या आणि त्यांच्यामागे कुणीतरी लागतंच.

वाटण्या झाल्यापासून नऊ वर्षांत दोघे भाऊ एका पंगतीला बसल्याचं उज्वलाला आठवत नव्हतं. लग्नकार्यात एक मांडवाच्या ह्या टोकाला, तर दुसरा त्या. आज पोरीच्या निमित्ताने का होईना, दीपक मोठ्या भावाचा जिना चढला होता, आणि उज्वलाने सकाळीच नवऱ्याला बजावलं होतं, "आज विषय फक्त विषयांचाच काढायचा. बांधाचा नाही."

संतोषने मान डोलावली. मान तो नेहमीच डोलवायचा.

संध्याकाळी पाचच्या आत कॉलेजच्या पोर्टलवर फॉर्म भरून लॉक करायचा होता. बाकी सगळं कॉलेजनेच ठरवलेलं, स्नेहलच्या हातात दोनच गोष्टी होत्या. पहिली म्हणजे गट. पहिल्या सहा महिन्यांत फिजिक्सचा गट घ्यायचा की केमिस्ट्रीचा? फिजिक्सबरोबर प्रोग्रामिंग आणि इलेक्ट्रिकल यायचं, केमिस्ट्रीबरोबर ड्रॉइंग आणि वर्कशॉप. करायचे दोन्ही होतेच, आधी कुठला एवढाच प्रश्न. दुसरी गोष्ट मायनर. कॉम्प्युटर हा मुख्य विषय, म्हणजे मेजर. त्याच्या जोडीला बाहेरचं एखादं काहीतरी चार वर्षं थोडंथोडं शिकायचं. त्यासाठी चार पसंती क्रमाने लिहायच्या होत्या, आणि गेल्या वर्षीच्या मुलींनी स्नेहलला सांगितलं होतं की पहिल्या-दुसऱ्यातच मिळून जातं, चौथ्यापर्यंत गाडी येतच नाही. पाचपर्यंत काहीच भरलं नाही तर कॉलेज आपल्या मनाने टाकून मोकळं होणार होतं.

उज्वला भाकऱ्या थापत होती, पण कान हॉलकडे होते. तिथे साळूबाई फोनशी भांडत होत्या. बोललं की फोन उत्तर देतो, असं कुणीतरी त्यांना दाखवून ठेवलं होतं.

"आज पानी पडी का?" सासूबाईंनी विचारलं.

"माफ करा, मला समजलं नाही," फोनमधली बाई म्हणाली.

"आज. पानी. पडी. का."

फोनमधल्या बाईने पाणीपुरीची तीन दुकानं सुचवली.

साळूबाईंचं माहेर सटाण्याकडचं. पन्नास वर्षं संसार केला तो दिंडोरी तालुक्यात, सासरी सासरचंच बोलल्या. पण फोन काही सासरचा नव्हता, त्यामुळे त्याच्याशी त्या बिनधास्त माहेरच्या अहिराणीत बोलायच्या. "तुले समजत नही, तं मंग कोनले समजी?" त्यांनी फोनला विचारलं आणि तो उशीवर आपटला.

स्नेहल हसली नाही. "आज्जी, परत म्हण ना, पडी का," म्हणाली आणि आपल्या मोबाइलमध्ये काहीतरी टिपून घेतलं. "आता म्हण, पाऊस पडेल का." साळूबाईंनी तसं म्हटलं, आणि फोनने मुकाट्याने पावसाचा अंदाज सांगितला. "बघ, आपलं बोललं की अडतं," स्नेहल स्वतःशीच पुटपुटली. उज्वलाने ते ऐकलं. पण तवा तापला होता, तेव्हा तिने ते तिथेच सोडून दिलं.

शेवभाजी आणि भाकरीवर जेवणं छान झाली. दोघे भाऊ समोरासमोर बसले आणि पावसावर, टोमॅटोवर, लिंक रोडच्या खड्ड्यांवर बोलले. मग ताटं उचलली गेली, टेबलावर स्नेहलचा लॅपटॉप आला आणि संतोषने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढला.

"मेजर कॉम्प्युटर," त्याने वाचलं. "हां. आता मायनर."

सोफ्यावर डोळे मिटून पडलेल्या तात्यांनी डोळे उघडले. "मायनरचा नंबर काय?"

"नंबर नाही तात्या, नावं आहेत. बारा नावं आहेत इथे."

"मायनरला नाव कुठं राहतं? नंबरच राहतो. आपला सात, वरच्या वस्तीचा पाच." तात्या उठून बसले आणि नातीकडे बघू लागले. "तुमच्या कॉलेजाला कालव्याचं पानी हे?"

आधी कुणालाच काही कळेना. कळलं तेव्हा दीपक इतका हसला की त्याला ठसका लागला, आणि साळूबाईंनी त्याच्या पाठीवर थापट्या मारल्या. तात्यांनी, म्हणजे बहिरू उगल्यांनी, एकतीस वर्षं पाटकरी म्हणून काढली होती. कालव्याला पाणी सुटलं की ते कुठल्या शेताला, किती वाजता, किती तास द्यायचं, म्हणजे कुणाची बारी कधी, ती शेजपाळी लावणं हे त्यांचं काम. कालव्यातून फुटतो तो मायनर, मायनरमधून चारी, चारीतून पोटचारी. त्यांच्या गावात शेंबड्या पोरालाही मायनर म्हणजे काय ते ठाऊक होतं. तो शब्द इंजिनिअरिंगच्या फॉर्मवर कशाला आला, एवढंच तात्यांना उमगत नव्हतं.

स्नेहलने समजावून सांगितलं. तात्यांनी मन लावून ऐकलं, मध्ये दोनदा थांबवलं, आणि शेवटी बोटाने हवेत एक रेघ ओढली.

"म्हंजे कॉम्प्युटर हा कालवा."

"हो."

"अन् त्याच्यातून एक मायनर काढायचा. कुठल्या रानात न्यायचा ते तू ठरवायचं."

"अगदी तसंच, तात्या."

"मग बराबर लिवलंय की त्यांनी," तात्या म्हणाले. कॉलेजबद्दल त्यांचं मत एकदम चांगलं झालं. "मग? कुठल्या रानात?"

बिघडायला सुरुवात झाली ती इथून.

"रोबोटिक्स आणि ऑटोमेशन," संतोष म्हणाला. "यात विचार करण्यासारखं काही नाही. अंबडला एमआयडीसीत येऊन बघावं कुणीही. जिथे चार पोरं उभी राहायची तिथे आता एक यंत्राचा हात फिरतो. स्नेहलला ते आलं तर आपल्या तिथल्या वर्कशॉपला उद्या घरचं माणूस मिळेल."

"घरचं म्हंजे तुमच्या घरचं," दीपक म्हणाला. हसू अजून त्याच्या चेहऱ्यावरून पुरतं उतरलं नव्हतं, पण आवाजातून उतरलं होतं. "यादीत पाच नंबरला कृषी तंत्रज्ञान हे. ते टाक गं. बागेत हवामानाचं मशीन बसवून दोन वर्षं झाली. त्याचे आकडे वाचायला मला दर वेळी पिंपळगावहून समाधानला बोलवावं लागतं. तो येतो, चहा पितो, अन् सांगतो की उद्या ऊन हे."

"अरे, तिला इंजिनिअर व्हायचंय का बागायतदार?"

"तुमच्या सार्थकला मेकॅनिकल तुम्हीच घ्यायला लावलं ना, नाना? कुठं हे सार्थक?"

"पुण्यात."

"करतो काय?"

"बँकेत हे ना तो," साळूबाईंनी निरागसपणे उत्तर दिलं. "लोकान्ला कार्ड देतो."

संतोषचा चेहरा लाल झाला. "आई, तू त्याचीच बाजू घे. वाटण्यांच्या वेळीसुद्धा तू—"

"अहो," उज्वला म्हणाली. "फक्त विषयांचा."

संतोषने चष्मा काढून पुसायला घेतला. दीपक खिडकीबाहेर बघू लागला. दोघांच्या मध्ये स्नेहल लॅपटॉपवर वाकून टाइप करत होती, आणि उज्वलाला तिचे खांदे दिसत होते. पोरगी कानाजवळ खांदे घेऊन बसली होती, वर्गात छडीची वाट बघणारं पोर बसतं तशी.

"मी दोन्ही लिहिलंय," स्नेहल म्हणाली. "एक नंबरला नानांचं, दोनला पप्पांचं."

"एक नंबरला कसं काय त्यांचं?" दीपकने विचारलं. तेवढ्यात त्याचाच फोन वाजला. टोमॅटोच्या रानातून स्नेहलच्या मम्मीचा होता. मॅनेजमेंट घ्यावं, ते कुठेही चालतं, असं शेजारच्या मास्तरीणबाई म्हणत होत्या. स्नेहलने तीन नंबरला मॅनेजमेंट लिहिलं. मग तिने आणखी काहीतरी टाइप केलं आणि पडदा जरासा आपल्याकडे वळवून घेतला. घड्याळात साडेतीन झाले होते.

उज्वला मनात दोघा भावांवर खरंच चिडली होती. पोरीच्या चार पसंत्या, त्यात नानांचं यंत्र, पप्पांची बाग आणि मास्तरीणबाईसुद्धा. पोरगी कुठे आहे त्यात? ती चहाचं आधण ठेवून बाहेर आली तेव्हा संतोष गटावर पोचला होता.

"गट केमिस्ट्रीचा घे. वर्कशॉप आधी होऊन जाईल. रविवारी अंबडला ये, मी स्वतः लेथवर उभी करतो तुला."

"मला पण तोच बरा वाटतो," स्नेहल म्हणाली. "बारावीची केमिस्ट्री ताजी आहे अजून."

"नको," उज्वला म्हणाली. "फिजिक्सचा घे."

सगळ्यांनी वर बघितलं. सुनेने सल्ला द्यायचा तो मिठाबद्दल, अशी काही त्या घराची रीत नव्हती; पण उज्वला एवढ्या ठामपणे क्वचितच बोलायची.

"का गं?" संतोषने विचारलं.

"त्यात प्रोग्रामिंग आहे. पान चौतीस. ज्याच्यासाठी चालली आहे ते आधी शिकू दे. ड्रॉइंग, वर्कशॉप येईल मागनं."

"वहिनी, पन तिला केमिस्ट्री सोपी जाईल म्हनती ना," दीपक म्हणाला. "नानांचं बराबर हे यात."

नऊ वर्षांत पहिल्यांदा दोघे भाऊ एका बाजूला आले होते, आणि ते नेमके तिच्याविरुद्ध. एरवी उज्वलाने देवापुढे साखर ठेवली असती.

"मोठी आई, प्रोग्रामिंग जानेवारीत येणारच आहे की," स्नेहल समजुतीच्या सुरात म्हणाली. "सहा महिन्यांत कुठे पळून जातंय?"

"जातं," उज्वला म्हणाली.

ते इतक्या पटकन तोंडातून गेलं की तिला स्वतःलाच नवल वाटलं. स्नेहल तिच्याकडे बघत राहिली. ह्या मुलीची बघण्याची तऱ्हाच अशी होती, उत्तर मिळेपर्यंत न हलणारी.

"तू कॉलेजला होतीस?"

"होते. बारावीनंतर डिप्लोमाला. कॉम्प्युटरच्याच." उज्वलाने पदराला हात पुसले, हात कोरडे असूनही. "पहिल्या सत्रात गणित, इंग्रजी, इलेक्ट्रॉनिक्स. कॉम्प्युटरची लॅब दुसऱ्या सत्रात होती. लॅबला काचेचं दार. आत एसी. चपला बाहेर काढून जायचं, देवळात जातात तसं. आम्ही येता-जाता काचेतून बघायचो. जानेवारीत दुसरं सत्र सुरू झालं, आणि आमच्या बॅचची लॅबची पाळी दहाव्या दिवशी होती. मी नऊ दिवस गेले."

"मग?"

"मग लग्न."

संतोषला हे माहीत होतं, पण माहीत असणं आणि दुपारी पावणेचारला सगळ्यांसमोर ऐकणं यात फरक असतो, आणि तो त्याच्या तोंडावर दिसत होता. सोफ्यावरून तात्यांचा खाकरण्याचा आवाज आला.

उज्वलाच्या मनात मात्र दुसरंच काही चाललं होतं. ती मघापासून ज्यासाठी दोघा भावांवर चिडली होती, तेच आता तिने केलं होतं. संतोषला वर्कशॉपला माणूस हवं, दीपकला बागेला, आणि तिला? तिला स्नेहलच्या पायांनी त्या काचेच्या दारातून आत जायचं होतं, आणि ते लगेच, ह्याच सत्रात. पोरीच्या केमिस्ट्रीचं काय होईल, हे तिने विचारलंसुद्धा नव्हतं. तिला लाज वाटली, आणि वाईटही वाटलं, कारण आता जे म्हणायचं होतं ते म्हणायला जड जात होतं.

"केमिस्ट्रीच घे तू," ती म्हणाली. "ताजी आहे तर पहिल्या सत्राला मार्क चांगले पडतील. मी तुझं नाही, माझं सांगत होते."

आणि चहा गाळायला आत गेली. गाळताना एक कप बशीत सांडला. तो तिने स्वतःसाठी ठेवला.

ती ट्रे घेऊन आली तेव्हा तात्या सोफ्यावरून उठून टेबलाशी बसले होते. बंडीच्या खिशातली त्यांची छोटी वही समोर उघडी होती, पेन्सिल कानावरून हातात आली होती. निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली तरी वही-पेन्सिल सुटली नव्हती.

"वाच पोरी," ते स्नेहलला म्हणाले. "मायनरच्या यादीत कोन कोन हे?"

"एक, रोबोटिक्स. नानांचं."

"हं. हेडला संतोष."

"दोन, कृषी. पप्पांचं. तीन, मॅनेजमेंट. मम्मीचं."

"अन् चार?"

स्नेहल घुटमळली. "ते असंच टाकलंय. चौथं मिळत नसतंच."

"कोनाचं हे?"

"माझं."

तात्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "संतोष, दीपक, ऐका. हेडवाल्याचं रान कालव्याच्या तोंडाशी राहतं. पानी त्याच्या दारावरनंच जातं, त्याला काय घाई? टेलवाला पार शेवटाला. आधी हेडला सोडलं की वाटंत जो तो दार उचकतो, अन् टेलला वल बी पोचत नाय. म्हनून मी पानी सोडलं ते आधी टेलला. टेल भिजलं की मग वर वर येत हेडला. लय शिव्या खाल्ल्या. सरपंचाच्या बी खाल्ल्या. पन एकतीस वर्षांत कोनाची बारी मोडली नाय." ते नातीकडे वळले. "चार नंबर सांग. काय हे?"

"भाषाविज्ञान," स्नेहल म्हणाली.

"व्याकरन?" दीपकने घाबरून विचारलं.

"नाही पप्पा. म्हणजे, मला पण नक्की माहीत नाही." स्नेहलचे खांदे आता कानापासून खाली आले होते. तिने मोबाइल उघडून टेबलावर ठेवला. "आज्जी फोनशी बोलते ना, ते मी दिवाळीपासून लिहून ठेवतेय. दोनशे सव्वीस वाक्यं झाली. 'शे'ला, म्हणजे 'आहे'ला, अडतं, 'पडी'ला अडतं. पण 'पानी'ला अडत नाही. का? आणि 'कोनले' म्हटलं की त्याला कोणतरी कोळी आडनावाचा माणूस वाटतो, दर वेळी तोच. मशीनला बोली शिकवायची तर आधी ती बोली चालते कशी, ते कळायला पाहिजे ना? तेच त्यात शिकवत असतील, असं वाटतं. नसतीलही. तेच बघायचंय मला."

"याने नोकरी लागते का?" संतोषने विचारलं. आवाजात टोचणं नव्हतं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"माहीत नाही, नाना. कॉम्प्युटर तर आहेच."

"मना फोन सुधरी का?" साळूबाईंनी मुद्द्याचं विचारलं.

"चार वर्षं लागतील, आज्जी."

"लागू दे. मी अठेच शे."

उज्वलाला मघाचा पुटपुटण्याचा आवाज आठवला. तव्याच्या नादात आपण तो सोडून दिला होता, आणि पोरगी कुठे आहे म्हणून नंतर शोधत बसलो होतो. ती तर मघापासून समोरच बसलेली होती.

दीपकने भावाकडे बघितलं. "नाना, तुमचं बी गेलं अन् माझं बी गेलं."

"माझं दोन नंबरला राहील."

"दोनला माझं होतं."

"बरं बाबा, दोनला तुझं," संतोष म्हणाला आणि चहाचा कप त्याच्याकडे सरकवला. "तुझी बाग माझ्या वर. झालं समाधान?"

"समाधान पिंपळगावला हे," दीपक म्हणाला, आणि आता दोघेही हसले.

चार वाजून वीस मिनिटांनी स्नेहलने फॉर्म लॉक केला. मायनरची पहिली पसंती भाषाविज्ञान, गट केमिस्ट्री. उज्वला तिच्या खुर्चीमागे उभी राहून बघत होती. पडद्यावर हिरवी खूण आली आणि प्रोग्रामिंग जानेवारीवर गेलं. ठीक आहे, तिने स्वतःला सांगितलं, पोरीचं नीट झालं. ती कप गोळा करू लागली.

तात्या अजून लिहीतच होते. वहीत उभ्या-आडव्या रेघा पडल्या होत्या.

"तात्या, झालं की," संतोष म्हणाला.

"मायनरचं झालं. घरची शेजपाळी कुठं लागली?" त्यांनी मान वर केली नाही. "स्नेहल, ते चौतीस पानाचं रान. ते जानेवारीपरेंत कोरडंच राहनार?"

"हो. माझ्यापुरतं."

"अन् ह्या घरात टेलला कोन हे?"

उज्वला कप हातात घेऊनच थांबली. तिने ते खाली ठेवले.

"वाळू गांगुर्डे आले होते माझ्याकडं," तात्या वहीशी बोलल्यासारखं म्हणाले. "उज्वलाचे वडील. म्हनले, एप्रिलपरेंत थांबा, पोरीचं वरीस पुरं होऊ द्या. मी म्हनलं, मार्चला उन्हाळी आवर्तन सुटतं, मला दिवसरात कालव्यावर राहावं लागतं, रजा नाय भेटत. जानेवारीतच लग्न धरा. त्यांनी पुन्यांदा हात जोडले. मी ऐकलं नाय." पेन्सिलीचं टोक कागदावर एकाच जागी टेकलं होतं. "आत्ता मी म्हनलो ना, कोनाची बारी मोडली नाय. ते खोटं हे. गावाच्या बाऱ्या नीट लावायच्या म्हनून घरातली एक मोडली. माझं चुकलं, उज्वला."

चोवीस वर्षांत ते तिला सूनबाई म्हणत आले होते. नाव त्यांच्या तोंडून तिने पहिल्यांदाच ऐकलं.

'असू द्या, तात्या' हे शब्द तिच्या जिभेवर तयार होते. सुनांच्या जिभेवर ते असतातच. तिने ते उच्चारले नाहीत. डोळ्यांत पाणी आलं ते येऊ दिलं, आणि एवढंच म्हणाली, "हो. मोडली होती."

तात्यांनी मान हलवली. साळूबाईंनी सोफ्यावरून हात लांब करून सुनेचं मनगट धरलं आणि धरूनच ठेवलं. संतोष उठला आणि टेबलावरचे चहाचे डाग फडक्याने पुसू लागला.

स्नेहलने लॅपटॉप उज्वलाच्या बाजूला वळवला. "मोठी आई, माझं जानेवारीत आहे ना? तू आत्ता सुरू कर. पुस्तक इथेच आहे, खोक्यात. व्हिडिओ असतात, मी काढून देते. मी केमिस्ट्री संपवून येईन तोपर्यंत तू पुढे गेलेली असशील. मग मला तूच शिकव."

"मला येईल?"

"मला तरी कुठे येतंय? बघू ना."

तात्यांनी वही फिरवून तिच्यासमोर ठेवली. वर वार आणि तास लिहिले होते, खाली एकच ओळ होती: १. उज्वला. रोज दुपारी ३ ते ५. त्यापुढे कोरी जागा.

"सही कर," तात्या म्हणाले. "बारी घेनाऱ्याची सही लागते."

उज्वलाने पेन्सिल घेतली आणि सही केली. संतोष फडकं घेऊन मागेच उभा होता. त्याने वाकून वाचलं. "अगं, हे काय लिहिलंस?"

तिने बघितलं. वहीत लिहिलं होतं, उज्वला वाळू गांगुर्डे. कागदावर एवढी सबंध सही करायची वेळ किती वर्षांत आली नव्हती, कोण जाणे. बँकेत असते ती दोन अक्षरांची. तिने गडबडीने खोडरबर शोधायला हात पुढे केला.

तात्यांनी वही ओढून घेतली. "राहू दे," ते म्हणाले. "कॉलेजच्या हजेरीत हेच नाव होतं."

भिंतीवरच्या घड्याळात पावणेपाच झाले होते. आजच्या बारीतली पंधरा मिनिटं अजून शिल्लक होती. उज्वला लॅपटॉपसमोर बसली, मग काहीतरी आठवल्यासारखी उठली, पायातल्या घरातल्या चपला दाराबाहेर काढून ठेवून आली आणि तिने चौतिसावं पान उघडलं.